हौदावरचे 'सगळे'

माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक छोटा व्हिडिओ केलाय. विषय, आपल्या रोजच्या वापरातल्या सामायिक जागा. मोबाइलवरच शूट केलेला, अकरा मिनिटांचा. पार, चाळीतली गॅलरी, भाजीवाल्या मावशींचा कोपरा, आणि शेवटी पुण्याचे हौद. घरातल्या सगळ्यांना पाठवला आणि कौतुकही झालं. मग एका वाक्यावरून वाद सुरू झाला. ते पुढे सांगते.

हौदांची गोष्ट पुणेकरांना नवीन नाही, पण आमच्या बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं. पंप नाही, मोटार नाही. जमिनीखालून बांधलेला नळ आणि त्याला दिलेला उतार, बस्स. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उच्छ्वास बांधले. पाणी शनिवारवाड्यात जायचं आणि पेठांतल्या हौदांतही पडायचं. पुढे 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं, हळूहळू घरात नळ आले आणि हौदांची गरज संपली. आता फडके हौद आणि साततोटी ही चौकांची नावं झालीत. रिक्षावाल्याला सांगताना आत पाणी होतं हे कोणाच्या मनातही येत नाही.

व्हिडिओत माझी आई बोलते. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. "हौदावर सगळे यायचे गं. भांडणं तिथेच, सोयरिकी तिथेच." कॅमेऱ्यामागून भाची विचारते, "सगळे म्हणजे सगळे?" आई गप्प होते. पदर नीट करते. मग म्हणते, "सगळे म्हणजे... आपले. तेव्हा हे कोण विचारायचं?"

हे वाक्य काढून टाक, असं माझ्या भावाचं म्हणणं. म्हाताऱ्या माणसाला कशाला अडचणीत आणायचं? त्याची काळजी मला कळते. पण मला वाटतं, अख्ख्या व्हिडिओत इतिहास आहे तो त्याच जागी.

कारण 'तेव्हा' विचारणारे होते. आईच्या जन्माच्या कितीतरी आधी, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शहरातलं पाणी खरोखर सगळ्यांचं असतं, तर घरचा हौद उघडायची वेळ का आली असती?

पुढचं महाडचं. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागद तयार, पण ओंजळभर पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्याच दिवशी गावात त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर तळं 'शुद्ध' करायला गोमूत्र-शेणाच्या 108 घागरी ओतल्या गेल्या! त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्यानं काही बाटलं नव्हतं.

मग प्रकरण कोर्टात गेलं. तळं सार्वजनिक नाहीच, असा दावा स्पृश्यांपैकी काहींनी लावला. निकाल हायकोर्टातून आला 1937 च्या मार्चमध्ये, आंबेडकरांच्या बाजूने. पाणी प्यायल्यापासून दहा वर्षांनी.

आमची आई 1937 च्याच आसपासची. म्हणजे ती पाळण्यात होती, तेव्हा 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ न्यायालयात ठरत होता. हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही." आणि थोडा वेळ गेल्यावर, स्वतःहूनच: "आमच्या वाड्यात झाडायला येणारी बाई होती. ती पाणी कुठून आणायची, मी कधी बघितलंच नाही."

भाचीने हेही रेकॉर्ड केलंय. अर्थात आईला विचारून. भाऊ अजून नाराज आहे. आता व्हिडिओ बारा मिनिटांचा होईल, सरांनी दहाची मर्यादा दिली होती. भाची म्हणते, पाराचा भाग कापते.