चाकांची लय, कुबड्यांचा तोल

मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी १९८१ साली अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट बांधून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. १९८६ च्या ‘नाचे मयूरी’ या चित्रपटामुळे ही हकिगत घरोघरी पोहोचली. दिव्यांग नर्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येते : हातचे गेलेले नृत्य जिद्दीने परत मिळवणे. त्या चित्राविषयी मला आदरच आहे. पण दिव्यांग कलावंतांनी समकालीन नृत्याला नव्याने काय दिले, हे समजायला ते अपुरे पडते.

नवख्या वाचकांनी लंडनपासून आरंभ करावा. सेलेस्ट डॅन्डेकर १९७३ साली ऐन प्रयोगात रंगमंचावर पडल्या. मणक्याला इजा झाली आणि नाच सुटला. १९९१ मध्ये त्यांनी अ‍ॅडम बेंजामिन यांच्यासह ‘कॅन्डोको’ ही संस्था काढली. तिथे दिव्यांग आणि इतर नर्तक एकत्र नाचू लागले, तेही व्यावसायिक नृत्याच्याच कसोटीवर. पाय नसलेले डेव्हिड टूल या संस्थेत हातांवर शरीर तोलून नाचत. दोन पायांवर उभ्या असलेल्या नर्तकाला त्या हालचाली सुचणेच कठीण.

मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते अ‍ॅलिस शेपर्ड यांचे काम. मध्ययुगीन साहित्याच्या प्राध्यापक असलेल्या शेपर्ड नोकरी सोडून नृत्याकडे वळल्या. त्यांच्या ‘डिसेंट’ या नृत्यात मंचभर एक वळणावळणाचा, चढउतारांचा लाकडी रॅम्प आहे. एरवी रॅम्प म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची सोय. इथे तोच रंगभूमी झाला. त्यांच्या चाकखुर्चीच्या चाकाला एक जोर दिला की हात थांबतो, धड स्थिर होते, तरीही शरीर उतारावरून वाहतच राहते. थांबणे आणि चालणे एकाच क्षणी घडते. ही लय चाकांमुळेच जन्माला येते. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी त्यांच्या ‘कायनेटिक लाइट’ या संस्थेने ध्वनिवर्णनाचे खास अ‍ॅपही घडवले. त्यात एकाच नृत्याची वेगवेगळी वर्णने निवडून ऐकता येतात.

स्कॉटलंडच्या क्लेअर कनिंगहॅम यांच्याकडेही वाचकांनी जरूर वळावे. कुबड्यांवर भार टाकून त्या पाय अलगद उचलतात, तेव्हा शरीराचा तोल खांद्यांत आणि मनगटांत उतरलेला दिसतो.

हे सारे पाहायचे कसे? कथक पाहताना आपण जसे पदन्यासावर लक्ष ठेवतो, तसेच इथे चाक, कुबडी, हात यांवर ठेवावे. शरीराचा भार कुठे आहे आणि तो कधी सरकतो, ते निरखावे. पहिल्यांदा पाहताना तुमच्या मनात धैर्याचे कौतुक दाटून येईल. ते येऊ द्या. मग तेच नृत्य पुन्हा लावा आणि या वेळी फक्त चाकांकडे बघा.