टेप कुठून गुंडाळायची?

रोड बाइकच्या हँडलला टेप गुंडाळायला शिकवणारा आजचा कोणताही मेकॅनिक पहिली गोष्ट एकच सांगतो: सुरुवात हँडलच्या खालच्या टोकापासून करा, वर चढत या आणि स्टेमजवळ, म्हणजे हँडल सायकलीला जोडणाऱ्या मधल्या तुकड्याजवळ, येऊन चिकटपट्टीने शेवट बांधा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इटालियन किंवा फ्रेंच मेकॅनिकला हे ऐकून हसू आलं असतं. त्याची टेप स्टेमजवळ सुरू व्हायची, खाली उतरायची आणि तिचं उरलेलं टोक हँडलच्या नळीत खोचून वर बूच ठोकलं की काम संपायचं. पुढे पद्धत उलटली, आणि उलटल्यावर असा समज रूढ झाला की जुन्या लोकांना नीट कळत नव्हतं, आता शास्त्रशुद्ध पद्धत सापडली आहे. हा समज मला चुकीचा वाटतो. टेपची दिशा ठरवली ती टेप कशाची बनली आहे आणि तिच्याखाली काय लपवायचं आहे, या दोन गोष्टींनी. हाताच्या सोयीचा नंबर त्यानंतर लागतो, आणि तोही लोक समजतात तेवढा जवळ नाही.

मुळात टेपच का, मूठ का नाही, हा प्रश्न आधी पाहायला हवा. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलीला दोन टोकांना दोन रबरी मुठी असतात आणि तेवढ्याने भागतं, कारण तिथे हात एकाच जागी राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या सायकलींना लाकडाच्या, शिंगाच्या, बुचाच्या, पुढे सेल्युलॉइडच्या मुठी असत, त्याही याच हिशेबाने. शर्यतीचं ड्रॉप हँडल मात्र एका जागेसाठी वाकवलेलंच नसतं. चढावर हात वरच्या आडव्या भागावर येतात, घोळक्यात ब्रेकच्या लिव्हरवर, वाऱ्याशी झुंजताना किंवा शेवटच्या झपाट्यात खालच्या वळणात. इतक्या जागांना पुरेल अशी एकच मूठ करता येत नाही, आणि मध्ये लिव्हरचा पट्टा आडवा येतो. नळी कशीही वाको, पट्टी तिच्याबरोबर वळते, म्हणून पट्टी.

ती पट्टी अनेक दशकं सुती होती. साधारण दोन सेंटिमीटर रुंद, घट्ट विणीची, पाठीला थोडा गोंद असलेली. गुंडाळल्यावर हँडलची जाडी जेमतेम वाढायची आणि नवी पट्टी हाताला खरखरीत लागायची. घाम आणि पाऊस पिऊन ती मळायची, सुटायची. त्यावर उपाय म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात ब्रशने तिच्यावर देत. या एका गोष्टीत युरोपातल्या सायकलीचा आपल्या मातीशी थेट संबंध येतो. लाख हा पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव, आणि जगाच्या बाजारात ती मुख्यतः हिंदुस्थानातून जात असे. महाभारतातल्या लाक्षागृहाची, आपल्या सुतारांच्या पॉलिशची आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांची लाख तीच. चपडा लाखेचे तीन-चार हात दिले की सुती पट्टी कडक होते, रंगाने गडद होते आणि तिचे पदर एकमेकांना धरून बसतात. म्हणजे ती गुंडाळलेल्या फडक्याची एक कवचासारखी सलग साल होते. सलग सालीला दिशा नसते, आणि पुढचा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे.

पातळ सुताच्या कडा वर उठत नाहीत. वरच्या फेऱ्याची कड कोणत्या बाजूला उघडी आहे याने हाताला फारसा फरक पडत नाही, लाख दिल्यावर तर मुळीच नाही. मग मेकॅनिकपुढे अडचण उरते ती फक्त शेवटाची. फेटा बांधणाऱ्याला ठाऊक असतं की सगळी मेहनत शेवटचं टोक कुठे खोचलं त्यावर टिकते. ड्रॉप हँडलची खालची टोकं उघडी नळी असतात आणि त्यांत बूच बसवावंच लागतं, कारण पडल्यावर उघडी नळी मांडीत घुसते. टेपचं टोक त्याच नळीत कोंबलं की एका बुचात दोन कामं होतात. सुरुवात स्टेमजवळ केली तर पहिला फेरा स्वतःच्याच पुढच्या फेऱ्याखाली दबतो, त्याला वेगळं बांधावं लागत नाही. वरून खाली येण्याची पद्धत म्हणजे त्या मालाचं अगदी चोख उत्तर होतं. तिला अडाणी म्हणणाऱ्याने सुती पट्टी खालून वर गुंडाळून तिचा शेवट स्टेमजवळ नीट बसवून पाहावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो हाताचा. टेप हातासाठीच आहे, तेव्हा तिचा इतिहास हाताच्या आरामाचा इतिहास असायला हवा, असं कोणीही म्हणेल. पण पुरावा तसं सांगत नाही. सायकलस्वाराच्या तळव्यातली नस दबून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन देस्तो यांनी १८९६ सालीच लिहून ठेवलं होतं. पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यतही त्याच वर्षी सुरू झाली. दुखणं माहीत होतं, हादरे माहीत होते, तरी पुढची ऐंशी-नव्वद वर्षं शर्यतीच्या हँडलवर गादी आली नाही. गादी होती ती हातमोज्यात: तळव्याला चामडं, पाठीला विणलेली सुती जाळी. इतकंच नव्हे, १९७० आणि ८० च्या दशकांत सुती पट्टीची जागा ज्या मालाने घेतली, तो तर हाताच्या दृष्टीने मागे जाणारा होता. बेनोत्तो या इटालियन वंशाच्या, पुढे मेक्सिकोत स्थिरावलेल्या कंपनीची चकचकीत प्लास्टिकची पट्टी कागदासारखी पातळ, गुळगुळीत आणि घामाने निसरडी होणारी होती. तिच्यात मऊपणाचं नाव नव्हतं. तिच्याजवळ होते ते रंग आणि चकाकी, आणि ओल्या फडक्याने पुसली की ती नवी दिसायची. जगातले उत्तमोत्तम शर्यतपटू ती वापरत. हाताची सोय हेच टेपचं मुख्य कारण असतं, तर ही पट्टी पहिल्याच पावसात हद्दपार व्हायला हवी होती.

काहीजण म्हणतील, मग ही नुसती फॅशन होती. काही अंशी होतीच. पण फॅशन रंग बदलते, जाडी नव्हे. १९८०च्या दशकात टेप एकाएकी दोन-तीन मिलिमीटर जाड आणि मऊ झाली, त्याचं कारण रंगाच्या डब्यात सापडत नाही. ते सापडतं ब्रेकच्या तारेत.

तोवर ब्रेकची तार लिव्हरच्या माथ्यातून बाहेर पडायची आणि हवेत कमान करून चाकाकडे उतरायची. जुन्या छायाचित्रांत हँडलवर या दोन कमानी उठून दिसतात. टेपला या तारेशी कर्तव्य नव्हतं. गिअरच्या लिव्हर खाली फ्रेमच्या नळीवर असत, त्यामुळे गिअरच्या तारेशीही नाही. मग हवेच्या विरोधाचा ध्यास वाढला. जानेवारी १९८४मध्ये मेक्सिको सिटीत फ्रांचेस्को मोझेरने एडी मर्क्सचा तासाभरात ४९.४३१ किलोमीटर जाण्याचा १९७२चा विक्रम मोडून तो ५१.१५१ किलोमीटरवर नेला. त्याच्या सायकलीची भरीव चाकं सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. त्या दशकात रस्त्यावरच्या सायकलींतही वाऱ्याला अडवणारी प्रत्येक गोष्ट लपवण्याची ओढ लागली आणि ब्रेकच्या तारा लिव्हरच्या मागून निघून हँडलला चिकटून, टेपच्या खालून जाऊ लागल्या. वाऱ्यात त्याने नेमकं किती वाचलं हा वेगळा वाद आहे. टेपच्या बाबतीत परिणाम मात्र निश्चित होता. ज्या नळीवर तळवा टेकायचा तिच्या कडेने आता प्लास्टिकच्या आवरणातली एक जाड तार धावत होती. तिच्यावर बेनोत्तोची पातळ पट्टी गुंडाळली तर तार शीर उठल्यासारखी दिसते आणि हाताला तशीच टोचते. त्या उंचवट्याला बुजवून वर सपाट पृष्ठभाग देणारं काही हवं होतं, आणि नेमक्या त्याच दशकात चिनेल्लीसारख्या इटालियन कंपन्यांची बुचाची टेप बाजारात आली. नाव बुचाचं, पण ती खरोखर बुचाची पट्टी नव्हे. फेसाळ प्लास्टिकमध्ये बुचाचे बारीक कण मिसळलेले असतात. ती ताणली जाते, दबते, आणि खालची तार पोटात घेते. हाताला मिळालेला मऊपणा हा तारेच्या पाठोपाठ आलेला फायदा होता.

माल बदलला तशी दिशाही बदलायला लागली, आणि इथे कौलारू घराचा दाखला चपखल बसतो. छप्पर शाकारताना कौलं वळचणीपासून आढ्याकडे रचत नेतात. त्यामुळे वरच्या ओळीचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी सांध्यात न शिरता उतरतं. फेसाळ टेपचा प्रत्येक फेरा आधीच्यावर चढतो तिथे जाड पायरी तयार होते, आणि पायरीला दिशा असते. लिव्हरच्या मागच्या उतारावर स्वाराचं वजन तळव्याला पुढे, लिव्हरकडे ढकलतं. वरून खाली गुंडाळलेल्या टेपच्या उघड्या कडा या ढकलण्याच्या तोंडावर येतात आणि काही दिवसांत गुंडाळी होऊन मागे वळतात. खालून वर गुंडाळली तर तळवा कौलावरच्या पाण्यासारखा कडेवरून उतरतो. फेरे उजवीकडे आणि डावीकडे आरशातल्यासारखे उलट घालायचे, लिव्हरपाशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वळसा देऊन वरच्या भागावर टेप स्वाराकडे ओढली जाईल असं पाहायचं, हे आजचे बारकावेही याच पायरीतून जन्मले. लाखेच्या सालीला यातलं काहीच लागत नव्हतं.

इथे एक अवघड प्रश्न आहे. खालून वर गुंडाळायची तर शेवट स्टेमजवळ बांधायला चिकटपट्टी लागते, आणि विजेच्या तारांना लावतात ती व्हिनाइलची ताणली जाणारी पट्टी थ्री-एम कंपनीने १९४६ सालीच तयार केली होती. मग कदाचित दिशा चिकटपट्टीमुळे बदलली, जाडीमुळे नाही? तसं असतं तर बदल चाळीस वर्षं आधी सुरू व्हायला हवा होता. चिकटपट्टीने बदल शक्य केला, गरज निर्माण केली नाही. याचा पडताळा हँडलच्या टोकाला बसवलेल्या गिअर लिव्हरमध्ये मिळतो. लांबच्या प्रवासाच्या आणि चिखलातल्या शर्यतींच्या सायकलींना अशा लिव्हर असत. त्या बुचाची जागाच घेतात, म्हणून टोक खोचायची सोय संपते आणि गिअरची तारही टेपखालूनच जाते. ज्या सायकलीवर तार आधी आली, तिथे जुनी पद्धत आधी अडचणीत आली. दुसरा पडताळा वेलोड्रोमवरचा. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नाहीत, तारा नाहीत, आणि तिच्या हँडलचा वरचा भाग बहुतेकदा उघडा धातूच असतो. फक्त खालच्या वळणावर टेप किंवा रबराची नळी. हाताचीच काळजी असती तर तोही भाग झाकला असता, असं म्हणायचा मोह होतो, पण तिथे हात फारसे जातच नाहीत, तेव्हा हा पुरावा अर्धाच धरावा.

मऊपणाची नुसती मागणी टेपला बदलू शकत नव्हती, याचा पुरावा अमेरिकेत मिळतो. १९७०-८० च्या दशकांत तिथल्या हौशी प्रवासी सायकलस्वारांनी हँडलवर फेसाच्या जाड नळ्या चढवल्या. आरामात त्यांनी सुतालाच काय, आजच्या टेपलाही मागे टाकलं असतं. पण त्या चढवायच्या तर आधी लिव्हर काढावी लागे, पावसात त्या स्पंजासारखं पाणी पीत, आणि शर्यतीच्या सायकलींवर त्या कधी रुळल्याच नाहीत. आराम देणारी वस्तू हाताशी होती, तिला शर्यतीने नाकारलं, आणि काही वर्षांत तारेच्या निमित्ताने आलेली त्याहून पातळ टेप स्वीकारली.

१९९०मध्ये शिमानो कंपनीने गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये आणले, दोन वर्षांनी कॅम्पान्योलोने. लिव्हरवरचे हूड, म्हणजे तिच्या बुडाची रबरी आवरणं, मोठे झाले आणि स्वार दिवसभर तिथेच हात ठेवून बसू लागले. कॅम्पान्योलोने गिअरची तारही टेपखाली घेतली. शिमानोने ती २००८पर्यंत लिव्हरच्या बाजूने बाहेर काढली, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. दोन्ही कंपन्यांच्या लिव्हर असलेल्या सायकलींवर टेप मात्र सारखीच जाड होती, आणि यावरून कोणी तारेचा संबंध नाकारू शकेल. पण ब्रेकची तार दोघांच्याही टेपखाली होती, आणि उंचवटा करायला एक तार पुरते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हेंडेलसारख्या कंपन्यांनी सुती पट्टी आणि लाख पुन्हा चलनात आणली तेव्हा हीच गोष्ट उलट दिशेने दिसली: नव्या लिव्हरवर एकपदरी सूत लावलं की तारेची शीर वर उमटते, म्हणून अनेकजण खाली आणखी एक थर देतात.

माझ्या मांडणीची खरी कसोटी आत्ता चालू आहे. २०१५नंतर बिनतारी गिअर रुळले, डिस्क ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आत शिरल्या, टायर रुंद आणि मऊ झाले. लपवायला तार उरली नाही, तर टेप पातळ व्हायला हवी. ती झालेली नाही. खडीच्या रस्त्यांसाठी तर ती आणखी जाड मिळते. तीस वर्षांत तळव्याला लागलेली सवय तारेबरोबर जात नाही, हे मान्य करायला हवं, आणि तेवढ्यापुरता हाताचा पक्ष जिंकतो. मात्र टेपची हद्द मागे सरकते आहे. शर्यतीच्या कार्बनच्या हँडलचा वरचा भाग आता वाऱ्यासाठी पात्यासारखा चपटा असतो. त्याच्यातून जाणारं सगळं आत असल्यामुळे त्याला टेपची गरज नाही, आणि कित्येक व्यावसायिक शर्यतपटू तो उघडाच ठेवतात. त्यांची टेप खालच्या टोकापासून निघते, लिव्हरचा वळसा घेते, हूडच्या मागे चार बोटांवर थांबते, आणि चिकटपट्टीचा तो शेवटचा फेरा स्टेमपासून वीतभर दूर बसतो.