कललेले अक्षर

गेल्या वर्षी आमच्या औंढ्याच्या शाळेत स्नेहसंमेलनाचा फलक रंगवायचा होता. सातवीतल्या एका मुलाने जाड कुंचल्याने अक्षरे काढली आणि सगळीच्या सगळी उजवीकडे झुकवली; वाऱ्याने भाताच्या लोंब्या झुकाव्यात तशी. मी पडलो मास्तर! ‘अक्षर उभे काढ’ हे सांगण्यात माझा जन्म गेला. म्हटले, “अरे, पडतील ना ही!”

तो म्हणाला, “पडत नाहीत गुरुजी, पळतायत.”

या उत्तराने मला इतिहास धुंडाळायला लावले.

उभ्या अक्षराचे माहेर आमच्या शेजारीच आहे. लोणावळ्याच्या पूर्वेला वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. हे शिलागृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तेथे कोरून ठेवले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ती ब्राह्मी अक्षरे; त्यांना आपल्यासारखी शिरोरेषा नाही. पुढे शतकानुशतके अक्षरांचे माथे रुंदावत गेले आणि त्यांतून शिरोरेषा आली. छिन्नीला घाई चालत नाही, म्हणून दगडातले अक्षर उभे राहते. हाताला मात्र पुढे जायचे असते. म्हणून कलते ते हाताचे अक्षर.

युरोपातही तसेच घडले. १५०१ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने व्हर्जिलची काव्ये कलत्या अक्षरांत छापली. ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोने, आणि नमुना घेतला तो त्या काळच्या विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षराचा. एखादा शब्द उठून दिसावा म्हणून नव्हे. अख्खे पुस्तकच तसे. पुढे १८१६ साली लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझलनने, टोकांना शेपट्या नसलेल्या साध्या रेघांचा ठसा आपल्या नमुन्यांत दाखवला. जाहिराती वाढल्या तसा हा साधा ठसा जाड झाला आणि कललाही. रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरणे, एवढेच त्याचे काम!

आपल्याकडे जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या तेथील अक्षरांचे वळण आजही डोळे निववते. पण ते अक्षर उभेच. शब्दावर जोर द्यायचा, तर जुळारी काळा टाइप घेई. कलते खिळे पाडणे सोपे नव्हते. इंग्रजी अक्षर एका ओळीत चालते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार. दंड उजवीकडे कलला की मात्रा आणखी उजवीकडे न्यावी लागते, उकार डावीकडे. आणि शिरोरेषा मात्र आडवीच्या आडवी राहिली पाहिजे.

मग मराठी हाताचे धावते अक्षर गेले कुठे? ते मोडीत होते. लिहिणारा आधी पानभर रेघ ओढी आणि मग तिच्याखाली, बोरू होता होईतो न उचलता, अक्षरे पळवी. छापखान्यालाही मोडी अगदीच परकी नव्हती. सेरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ साली मराठी व्याकरण बाळबोधीत छापले, पण १८१० सालचा कोश मोडी खिळ्यांनी छापला. पुढे छपाईत बाळबोध जिंकली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही मोडी गेली.

ती गेली म्हणजे काय गेले, हे मला एका म्हाताऱ्याने शिकवले. जुन्या ट्रंकेतला कागद माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “गुरुजी, एवढं वाचून दावा.” पाण्याच्या पाटावरून दोघा भावांत अबोला होता. मी कागद फिरवून फिरवून पाहिला. गावाला शहाणे करणारा मी, त्या कागदापुढे निरक्षर ठरलो! “आबा, मला नाही येत,” म्हणताना मान वर होईना. अखेर पुण्याला एका जाणत्याकडून तो वाचून आणला. पाट दोघांच्या सामाईकीतला होता. ज्या ओळींवर घरची शांतता अवलंबून, त्याच ओळी घरात कुणाला वाचता येत नव्हत्या.

अक्षरांना चाल देणारा हात मात्र अगदी संपला नाही. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत नाटकागणिक निराळे अक्षर घडवले. २०२० साली ते गेले. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा गुबगुबीत ठसा कोणालाही फुकट मिळतो. संगणकावर कळ दाबली की अक्षर कलतेही. पण ते बहुधा नुसते ढकललेले असते, खांब ढकलावा तसे. ढकललेले आणि धावणारे यांतला फरक डोळ्याला कळतो.

असो. मुलाचा फलक मी तसाच लावू दिला. एवढेच म्हटले, “पळू दे बाळा, पण शिरोरेषा तेवढी सरळ ठेव.” आणि यंदा दिवाळीच्या सुटीत, चाळिशी उलटल्यावर, मी मोडीची बाराखडी गिरवायला बसलो आहे. पहिल्या पानावरची रेघ वाकडी आली आहे.