दुखतंय पायात, गोळी डिप्रेशनची?

नसांच्या दुखण्यासाठी डॉक्टर अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून देतात. घरी येऊन नाव गूगल केलं की दिसतं ‘डिप्रेशनवरचं औषध’. झालं! "म्हणजे माझं दुखणं मनाचे खेळ आहेत असं म्हणायचंय का यांना?" आणि गोळी डब्यातच राहते. म्हणून हा थोडासा इतिहास.

या जातीचं पहिलं औषध इमिप्रामिन. गायगी कंपनीने ते स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांना दिलं. आधी स्किझोफ्रेनियावर वापरून पाहिलं, जमलं नाही. मग १९५७ मध्ये कून यांनी लिहिलं की ते डिप्रेशनवर चालतं. म्हणजे ‘डिप्रेशनची गोळी’ हे लेबलसुद्धा नंतर चिकटलेलं! १९६० मध्ये फ्रान्सच्या पाओली, दारकूर आणि कोसा यांनी तेच औषध वेदनेवर वापरल्याची टिपणं छापली.

आता खरा प्रश्न. मन सुधारतं म्हणून दुखणं कमी वाटतं का?

१९८२ मध्ये कॅनडात वॉटसन आणि सहकाऱ्यांनी नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेवर अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि नकली गोळी यांची तुलना केली. २४ पैकी १६ जणांना चांगला आराम पडला, आणि बहुतेकांना डिप्रेशन नव्हतंच. १९८७ मध्ये अमेरिकेत मिचेल मॅक्स यांना मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यातही हेच दिसलं. १९९२ मध्ये त्यांनीच फ्लुओक्सेटिन तपासलं. डिप्रेशनवर हे नावाजलेलं औषध, पण या वेदनेवर एकूणात नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही!

थोडक्यात, दोन कामं वेगळी आहेत. मेंदूकडून मणक्यात खाली येणारे काही मार्ग वेदनेच्या संदेशांना ब्रेक लावतात, आणि त्यासाठी नॉरअ‍ॅड्रिनलिन लागतं. ही औषधं ते वाढवतात. फ्लुओक्सेटिनचा भर मात्र सेरोटोनिनवर. २००४ मध्ये अमेरिकेत ड्युलोक्सेटिनला डिप्रेशन आणि मधुमेही नसांचं दुखणं, दोन्हींसाठी रीतसर मान्यता मिळाली.

अर्थात ही जादू नाही. सगळ्यांना गुण येत नाही. झोप, कोरडं तोंड, बद्धकोष्ठता असे त्रास होतात. डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये.

पण आपल्याला खोटं ठरवलं असं वाटून गोळी टाकून देऊ नका. प्रोग्रॅममध्ये जुन्या फंक्शनचं नाव तेच राहतं आणि काम वाढत जातं, तसंच हे. नाव वाचून काम ठरवायचं नसतं!