इशापूरच्या ‘२ए’ रायफलीविषयीं टिपण

कलकत्त्यानजीकच्या इशापूर कारखान्याची ‘२ए’ रायफल म्हणजे जुनी .३०३ रायफल आंखूड करून सुधारलेली, असा पुष्कळ संग्राहकांचा समज आहे. तो खरा नव्हे. १९६२ च्या चिनी युद्धानंतर ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठीं ती नव्यानेंच घडविण्यांत आली. काडतुसाची लांबी ७८ मिलिमीटरवरून ७१ वर आली, तरी बोल्ट जींत सरकतो ती पेटी, म्हणजे रिसीव्हर, कापली नाहीं. दाब अधिक म्हणून पोलाद मात्र सरस वापरलें. मॅगझिनही दहाऐवजीं बारा काडतुसांचें झालें. दस्त्यापुढील लोखंडी कड्यावर प्रकार व सन कोरलेला असतांही तिला जॉर्ज बादशहाच्या अमदानींत बसविणें म्हणजे ताम्रपटाचा शक न वाचतांच राजा ठरविणें होय! ‘२ए१’ प्रकारांत नेमाच्या पट्टीवरील २००० मीटरची मर्यादा ८०० वर आणली, एवढाच ठळक भेद.