ध्वनिमुद्रिकांची प्रतवारी

ध्वनिमुद्रिकांची प्रतवारी म्हणजे जुन्या ग्रामोफोन तबकड्यांची विक्री, खरेदी किंवा नोंदणी करताना त्यांची भौतिक व श्राव्य अवस्था ठरावीक श्रेणींत सांगण्याची पद्धत होय. संग्राहकांच्या बाजारात तबकडीची किंमत मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : तिची दुर्मीळता, तिला असलेली मागणी आणि तिची अवस्था. पहिल्या दोन गोष्टी तबकडीच्या क्रमांकावरून व सूचीवरून पडताळता येतात. अवस्थेबाबत मात्र दूर असलेल्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. त्यामुळे या व्यवहारात प्रतवारीला महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी

ग्रामोफोन कंपनीसाठी फ्रेड गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात भारतीय कलावंतांचे ध्वनिमुद्रण केले. त्या तबकड्या प्रारंभी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना निघाल्यावर छपाई भारतात होऊ लागली. पुढे १९२८ मध्ये तो कारखाना दमदम येथे गेला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्या लाख, दगडाची भुकटी व काजळी यांच्या मिश्रणाच्या असत. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, गजानन वाटवे आदी कलावंतांचे गायन अशा तबकड्यांवर उपलब्ध आहे.

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची दीर्घमुद्रिका अमेरिकेत १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची लहान तबकडी १९४९ मध्ये आली. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक काळ निघत राहिल्या. त्यामुळे येथील संग्रहांत लाखेच्या व व्हिनाइलच्या तबकड्या शेजारीशेजारी आढळतात आणि दोहोंची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते. मुंबईचा चोरबाजार व पुण्याचा जुना बाजार ही जुन्या तबकड्यांची परिचित ठिकाणे आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था १९९० मध्ये मुंबईत स्थापन झाली.

श्रेणी

अमेरिकेतील 'गोल्डमाइन' या नियतकालिकाची श्रेणीपद्धती सर्वाधिक प्रचलित आहे. ब्रिटनमधील 'रेकॉर्ड कलेक्टर' या मासिकाची श्रेणीनामे काहीशी निराळी आहेत. तेथे 'निअर मिंट'ऐवजी 'एक्सलंट' ही श्रेणी येते. भारतीय विक्रेते बहुधा पहिल्या पद्धतीची नावे वापरतात.

मिंट : सर्वार्थाने निर्दोष, न वाजवलेली तबकडी. अनेक जाणकार ही श्रेणी देण्याचेच टाळतात.

निअर मिंट : जवळजवळ नवी. पृष्ठभाग चकचकीत, लेबल स्वच्छ, वेष्टनाला दुमड नाही.

व्हेरी गुड प्लस : जपून वापरलेली. प्रकाशात फिकट रेषा दिसतात. परंतु त्यांचा श्रवणावर परिणाम होत नाही.

व्हेरी गुड : ओरखडे दिसतात व हळुवार जागी खरखर ऐकू येते; मात्र ती गायनावर मात करीत नाही.

गुड प्लस व गुड : तबकडी न अडकता शेवटपर्यंत वाजते, परंतु खरखर सतत जाणवते आणि खोबणीची झीज उघड दिसते.

फेअर व पुअर : तडा गेलेली, फार वाकलेली किंवा सुई अडकणारी तबकडी.

'गोल्डमाइन'च्या ढोबळ हिशेबानुसार निअर मिंट प्रतीची किंमत १०० धरल्यास व्हेरी गुड प्लसची ५०, व्हेरी गुडची २५ आणि गुडची १० ते १५ होते. एका श्रेणीची चूक झाली तरी किंमत दुप्पट किंवा निम्मी ठरू शकते. शिवाय 'गुड' या नावाचा शब्दशः अर्थ 'चांगली' असला, तरी श्रेणी म्हणून ती खालच्या पायरीवर येते. नवख्या ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते.

तपासणी

प्रथम तबकडी एका प्रखर दिव्याखाली तिरकी धरून पाहतात. नखाला न जाणवणारी रेष सहसा वरवरची असते. नख अडले तर तो ओरखडा बहुधा ऐकू येतो. मधल्या छिद्राभोवती लेबलावर उमटलेल्या बारीक रेषांवरून तबकडी किती वेळा यंत्रावर चढवली गेली याचा अंदाज बांधता येतो. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरल्यास वाक लक्षात येतो.

लाखेच्या तबकडीत तडा व झीज हे मुख्य दोष होत. जुन्या यंत्रावर पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावणे अपेक्षित असे. काटकसरीपोटी तीच सुई पुन्हापुन्हा वापरली की खोबणीच्या भिंती घासल्या जात. अशी तबकडी करडी दिसते आणि उंच स्वरांत आवाज फाटतो. केसाएवढा तडा डोळ्यांना निसटला तरी कानाला कळतो : ७८ फेऱ्यांच्या तबकडीत सेकंदाला सुमारे १.३ वेळा 'टक्' असा आवाज येतो. केवळ दृष्टीने केलेली प्रतवारी म्हणूनच अपुरी मानली जाते. वाजवून पाहिले आहे की नाही, हे विक्रेत्याने नमूद करावे असा संकेत आहे. वाजवताना योग्य सुई हवी. लाखेच्या तबकडीची खोबणी रुंद असल्याने दीर्घमुद्रिकेची बारीक सुई तिच्या तळाशी घासते आणि चांगली तबकडीही खरखरीत वाटते.

वेष्टन, लेबल व संच यांची श्रेणी स्वतंत्रपणे देतात. सुधीर फडके यांच्या स्वरातील 'गीतरामायण'सारख्या अनेक तबकड्यांच्या संचात एक तबकडी नसेल, तर उरलेल्या निर्दोष असूनही संच अपुरा ठरतो.

हवामान व जतन

भोकरदन, जालना यांसारख्या मराठवाड्यातील कोरड्या भागांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली आडव्या रचून ठेवलेल्या तबकड्या अशा उष्म्यात वाकतात आणि धूळ खोबणीत बसते. कोकणातील दमट हवेत बुरशीचे पांढरट डाग पडतात व वेष्टने कुजतात. तबकड्या उभ्या, सावलीत व स्वच्छ वेष्टनात ठेवणे हा दोन्हींवरचा उपाय होय. लाख मद्यार्कात विरघळत असल्याने मद्यार्कयुक्त द्रवाने लाखेची तबकडी पुसल्यास तिचे कायमचे नुकसान होते.

मर्यादा

प्रतवारी अखेर तपासणाऱ्याच्या नजरेवर, कानावर व प्रामाणिकपणावर अवलंबून असते. शिवाय ती विक्रीसाठी घडलेली पद्धत आहे. तबकडीचे सांस्कृतिक मोल तिच्यातून कळत नाही. घरोघरी असलेल्या लोकप्रिय चित्रपटगीतांच्या तबकडीला तडा गेला तर तिला फारशी किंमत उरत नाही. परंतु ज्या नाट्यपदाचा मूळ धातूचा साचा उरलेला नाही आणि दुसरी प्रतही ज्ञात नाही, त्याची तडा गेलेली तबकडीच त्या गायनाचा एकमेव पुरावा असू शकते. अशा तबकडीवरून काळजीपूर्वक अंकीय प्रत करता येते व तड्याचा आवाज बराचसा काढूनही टाकता येतो. म्हणून घरातील जुना संग्रह मोडीत काढण्यापूर्वी 'पुअर' ठरलेल्या तबकड्यांचीही लेबलावरील नाव व क्रमांकासह नोंद करून त्या जाणकारास दाखवणे इष्ट ठरते.