विणकराची बैठक

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात ज्या लेण्यांस लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने कोरविलेल्या एका शिलालेखात अशी नोंद आहे की, भिक्षूंच्या चीवरादी खर्चाकरिता त्याने 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, आणि मुद्दलास हात न लावता केवळ व्याजावर हा धर्मादाय चालावा असा निर्बंध घातला. सुमारे 1900 वर्षांपूर्वी नाशिक परिसरातील विणकरांची पत एवढी थोर होती. परंतु ते विणकर कसल्या मागावर बसत, कोणत्या आसनात दिवस काढीत, याविषयी तो पाषाण मौन धारण करतो.

ही उणीव काही अंशी भरून निघते ती नाशिकच्या पूर्वेस असलेल्या येवल्यात. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी हा कसबा वसविला, पैठणकडील हुन्नरी कारागिरांस तेथे आश्रय मिळाला, आणि पुढे पेशवाईच्या अमलात रेशीम व जरीच्या या उदिमास बरकत आली. त्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जो माग वापरला, तो खड्डा माग.

जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर काठावर बसतो. त्याचे हात जेथे सहज विसावतील त्याच उंचीवर रेशमाचा ताणा पसरलेला असतो, आणि खाली खड्ड्यात पावड्या असतात. खड्डा वाजवीहून खोल झाला तर पाऊल पावडीवर पुरे टेकत नाही व पोटरी ताणली जाते. उथळ राहिला तर गुडघे वर येऊन ताण्याला भिडतात. खुर्ची-मेजाची सवय नसलेल्या, जमिनीवर बसूनच सारे व्यवहार करणाऱ्या देहासाठी ही योजना किती विचारपूर्वक झालेली आहे, हे त्या काठावर घटकाभर बसून पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

माणसाच्या देहास अनुरूप साधन घडविण्याच्या या विद्येला आज अर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द पोलंडमधील यास्त्झेंबोव्स्की या विद्वानाने 1857 साली ग्रीक धातूंवरून सिद्ध केला. 1949 साली इंग्लंडात त्या विषयाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि 1969 साली मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र निघाले. शास्त्राला नाव मिळण्यापूर्वी कितीतरी आधी त्यातले पहिले सूत्र येवल्याच्या मातीत खणले गेले होते.

तथापि जुने म्हणून सारेच निर्दोष, असे म्हणणे त्या कारागिरांवर अन्याय करणारे होईल. पैठणीच्या पदरावर मोर किंवा कमळ उतरवताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी निराळी असते. ती बोटांनी ताण्याच्या तारांतून काढावी, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतवावी, मग फणीने ठोकून बसवावी, तेव्हा कोठे एक ओळ सिद्ध होते आणि वस्त्र दोन्ही अंगांनी सारखे दिसते. इंग्लंडात जॉन के याने 1733 साली शोधलेल्या धावत्या धोट्याने साध्या कापडाची गती वाढविली, पण अशा पदरातील हे बोटांचे काम त्याच्याने होण्याजोगे नव्हते. एका पैठणीला कधी महिना, तर कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो, आणि त्या सर्व काळात विणकराची मान खाली झुकलेली व दृष्टी केसाएवढ्या तारेवर खिळलेली असते. खड्ड्याने पायांना विसावा दिला, हातांना योग्य उंची दिली. मान, पाठ आणि डोळे यांचा भार मात्र तसाच राहिला.

2010 साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळून तिच्या नावाचे रक्षण झाले, हे योग्यच झाले. आता येवल्यात नवा माग उभा करू पाहणाऱ्या प्रत्येक अभियंत्यास व संस्थेस एवढीच विनंती आहे की, प्रथम त्या काठावर बसून विणकराच्या पाठीचे, मानेचे व दृष्टीचे माप घ्यावे, आणि मगच लाकडाला करवत लावावी.